चकोर खरंच चांदणं पिऊन जगतो का? कवितेतल्या पक्ष्याची खडकावरची खरी गोष्ट

कोजागरी जवळ आली की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. पूर्ण चंद्र, खाली मान उंचावलेला पक्षी आणि ओळ अशी की चकोर हा जगातला एकमेव पक्षी आहे जो फक्त चंद्राची किरणं पिऊन जगतो. कधी त्या फोटोत मोराचं पिल्लू असतं, कधी चातक, कधी चक्क पोपट. खाली शेकडो लोक हात जोडतात.

मग कुणीतरी विचारतं, "हा पक्षी खरंच असतो का?"

असतो. तो काल्पनिक नाही, दुर्मीळही नाही. लडाखला जाऊन आलेल्या अनेकांनी तो पाहिलेला असतो, फक्त हाच चकोर हे त्यांना माहीत नसतं. तो पाकिस्तानचा राष्ट्रीय पक्षी आहे. अमेरिकेतले शिकारी त्याच्या मागे डोंगर चढून गुडघे दुखवून घेतात. आणि पक्षी उडायला कसे शिकले असतील, या जुन्या शास्त्रीय वादात त्याच्या पिल्लांनी एकदम नवीन मुद्दा आणून ठेवला आहे. चांदण्यापेक्षा त्याची ही बाजू जास्त भन्नाट आहे.

आधी ओळख

चकोर हा तित्तरांच्या कुळातला, जमिनीवर राहणारा पक्षी. शास्त्रीय नाव अलेक्टोरिस चुकार. हे नाव १८३० मध्ये जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने दिलं. यातला 'चुकार' म्हणजे आपला चकोरच. संस्कृत-हिंदीतून शब्द उचलला आणि लॅटिनच्या रांगेत बसवला. इंग्रजीतही त्याला चुकारच म्हणतात. आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या याद्या फिरतात त्यात हा शब्द सहसा नसतो, पण असायला हवा.

हे नाव पडलं कसं, ते त्याचा आवाज ऐकला की कळतं. तो 'चुक-चुक-चुक' अशी सुरुवात करतो आणि मग 'चुकार-चुकार-चुकार' असा चढत जातो. कावळ्याला काव-काववरून नाव मिळावं, तसाच हा प्रकार.

दिसायला तो गुबगुबीत, साधारण एक वीत-दीड वीत लांबीचा, म्हणजे ३२ ते ३५ सेंटिमीटर. नराचं वजन अर्धा किलोच्या पुढे, मादी थोडी हलकी. पाठ राखी-तपकिरी, पोट फिकट पिवळसर. गळा आणि गाल पांढरट, आणि त्याभोवती एक काळी पट्टी. ही पट्टी कपाळावरून निघते, डोळ्यांवरून जाते आणि गळ्याखाली येऊन हारासारखी जुळते. दोन्ही कुशींवर काळे आणि तांबूस उभे पट्टे, आणि चोच, पाय, डोळ्याभोवतीची बारीक कडा लालभडक. एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. नर-मादी जवळपास सारखेच दिसतात. नराच्या पायावर आरीसारखा छोटा उंचवटा असतो, पण तो दुर्बिणीतूनही चटकन दिसत नाही.

राहायला त्याला काय लागतं? कोरडं हवामान, उतार आणि दगड. झाडी नसली तरी चालेल, किंबहुना नसलेली बरी. पश्चिमेला बल्गेरिया, ग्रीसची बेटं, तुर्कस्तान, सायप्रस इथपासून इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया ओलांडून मंगोलिया आणि उत्तर चीनपर्यंत, आणि हिमालयाच्या बाजूने नेपाळपर्यंत त्याचा पट्टा पसरला आहे. एवढ्या पसाऱ्यात त्याच्या चौदाच्या आसपास उपप्रजाती मानल्या जातात. वाळवंटाच्या कडेला राहणारे रंगाने फिके, ओलसर डोंगरातले गडद. भारतात तो लडाख, काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडमध्ये, साधारण दोन ते चार हजार मीटर उंचीवर दिसतो.

महाराष्ट्रात तो नाही. कधीच नव्हता. इथे खरी गंमत सुरू होते.

न पाहिलेल्या पक्ष्यावर एवढं प्रेम?

मराठीत चकोर सगळीकडे आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या पहिल्याच अध्यायात श्रोत्यांनी ही कथा कशी ऐकावी हे सांगताना चकोराच्या पिल्लांचा दृष्टांत येतो. शरदाच्या चांदण्यातले कोवळे कण ती पिल्लं जितक्या हळुवारपणे टिपतात, तितक्या हळुवार मनाने ऐका, असा त्याचा भाव. गोदावरीच्या खोऱ्यातल्या कुणीही अंगणात चकोर पाहिलेला नसणार, पण दृष्टांत लगेच पोचला. कारण पक्षी माहीत नसला तरी त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

ही गोष्ट संस्कृत काव्यातून आली. चंद्र हा अमृताचा साठा, त्याचे किरण म्हणजे अमृताच्या धारा, आणि त्या पिणारा पक्षी चकोर. यालाच कविसंकेत म्हणतात. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट सोसते, चातक फक्त पावसाचं पाणी पितो आणि चकोर चांदणं. कवींनी आपसात ठरवून घेतलेली ही एक खूणगाठ होती. त्यांना कुणी पुरावा मागत नसे.

दुसरी समजूत जास्त मजेशीर आहे, आणि तिचं काम दरबारात होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या वाड्यात कोणते पक्षी पाळावेत हे सांगताना विष ओळखण्याचा विषय येतो. विष जवळ असलं की कोकीळ मरतो, क्रौंच बेभान होतो आणि चकोराच्या डोळ्यांचा रंग उडतो, असं तिथे म्हटलं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही जवळपास हेच. मोनियर-विल्यम्सचा संस्कृत शब्दकोश मात्र सांगतो की विषारी अन्न पाहून चकोराचे डोळे लाल होतात. म्हणजे एका परंपरेत लाली जाते, दुसरीत येते! पक्षी दोन्हीकडे तोच. त्याच्या डोळ्याभोवती मुळातच लाल कडा असते, त्यामुळे डोळ्यांच्या लालीवरून गोष्टी रचल्या गेल्या असाव्यात, हा अंदाज वावगा वाटत नाही. विष ओळखण्याची क्षमता त्याच्यात आहे याला आधुनिक शास्त्रात काहीही आधार नाही.

संस्कृतात सुंदर डोळ्यांच्या स्त्रीला 'चकोराक्षी' म्हणतात. आपल्याकडे तल्लख, बारकावे टिपणाऱ्या माणसाची 'चकोर नजर' म्हणतात. उत्तरेत तर तो निखारे खातो अशीही समजूत आहे. त्याची चोच पाहिली की ती कुठून आली असेल याचा अंदाज येतो, कारण ती खरंच निखाऱ्यासारखी दिसते.

चातक, चकोर, चक्रवाक: एकदा निकाल लावून टाकू

तिन्ही नावं 'च'ने सुरू होतात, तिन्ही विरहाच्या कवितेत येतात, आणि सोशल मीडियावर तिघांचे फोटो एकमेकांच्या नावाने खपतात.

चातक म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला कोकिळेच्या कुळातला पक्षी. तो पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रात येतो, त्यामुळे त्याची पावसाशी जोडलेली गोष्ट निदान तारखेला तरी धरून आहे. 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा हा त्याचाच नातेवाईक, पण वेगळा पक्षी. चक्रवाक हे नारिंगी-तपकिरी रंगाचं मोठं बदक. हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर ते सहज दिसतं. आणि चकोर हा जमिनीवर पळणारा तित्तर.

यातला एक योगायोग छान आहे. आपल्याकडे थंडीत येणारा चक्रवाक उन्हाळ्यात ज्या प्रदेशांत अंडी घालतो, त्यांत लडाखही आहे. तिथे पाण्यात चक्रवाक आणि वरच्या दगडांत चकोर, असे कवितेतले दोन्ही विरही एकाच दरीत गुण्यागोविंदाने राहतात. एकालाही विरह वगैरे काही नाही.

मग तो खातो तरी काय?

बिया, गवताची कोवळी पाती, कंद, कोंब, किडे. पिल्लांना वाढायला प्रथिनं लागतात, म्हणून सुरुवातीला ती किड्यांवर जास्त असतात. आणि तो पाणी पितो. हिरवं खायला मिळत असेल तेव्हा त्यातल्या ओलाव्यावर भागतं, पण कडक उन्हाळ्यात पाणवठ्यावर यावंच लागतं. अशा वेळी एरवी विखुरलेले थवे एकाच झऱ्यावर गोळा होतात.

तो रात्री चंद्राकडे बघत बसतो का? नाही. चकोर दिवसा वावरणारा पक्षी आहे. अंधार पडला की तो खडकाच्या आडोशाला किंवा झुडपाखाली थव्यासकट झोपतो. हां, पहाटे आणि संध्याकाळी मात्र तो जोरात ओरडतो. डोंगरात संध्याकाळ झाली आहे, समोरच्या कड्यावर चंद्र उगवतो आहे आणि त्याच वेळी दगडांमधून 'चुकार-चुकार' सुरू झालं, तर ऐकणाऱ्याला हा चंद्रालाच हाक मारतोय असं वाटणं अगदी साहजिक आहे. गोष्ट नेमकी अशीच जन्मली याचा पुरावा नाही, पण पक्ष्याच्या सवयींशी जुळणारा हाच एक धागा सापडतो.

त्याचं वर्ष असं असतं: हिवाळ्यात दहा, वीस, कधी पन्नासपर्यंत पक्ष्यांचा थवा. बर्फ पडला की उंचावरून खाली, उन्हं पडून बर्फ लवकर वितळणाऱ्या उतारांवर. वसंतात थवे फुटतात आणि जोड्या लागतात. नर मादीसमोर चोचीने जमीन टोकरून दाखवतो, म्हणजे 'हे बघ, इथे खायला आहे' असा आव. मादीनेही टोचून उत्तर दिलं की जमलं. घरटं म्हणजे दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला उकरलेला साधा खळगा. अंडी सातपासून चौदापर्यंत, काही ठिकाणी त्याहून जास्त. ती २३ ते २५ दिवस उबवली की पिल्लं बाहेर पडतात आणि लगेच आईबापांमागे चालू लागतात. चिमणीच्या पिल्लासारखं घरट्यात तोंड वासून बसणं यांच्याकडे नाही.

भिंत चढणारी पिल्लं

चकोराला धोका जाणवला की तो आधी पळतो, आणि पळतो तो चढाच्या दिशेने. अगदीच जवळ आलात तर 'फर्र' करून उडतो, पण उताराच्या बाजूला, थोडंच अंतर, आणि खाली उतरताच पुन्हा पळायला लागतो. कोंबडीच्या कुळातल्या बहुतेकांचं असंच. पंखात दम असतो, पण तो काही सेकंदांचा.

अमेरिकेत मोन्टाना विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ केनेथ डायल यांनी नेमकं हेच पळणं पकडलं. ते पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करत होते, आणि जमिनीवरच्या पक्ष्यांची पिल्लं उडायला कशी शिकतात हे पाहण्यासाठी त्यांनी चकोराची पिल्लं निवडली. गंमत अशी की या कामाला दिशा मिळाली ती एका पशुपालकाच्या बोलण्यातून. या पक्ष्यांना सपाट जमिनीवर ठेवलंत तर काय दिसणार, त्यांना चढायला काहीतरी द्या, असं त्याचं म्हणणं. गवताचे भारे ठेवले. पिल्लं भाऱ्यांवर गेली. पण ती उडून गेली नाहीत, पंख फडफडवत उभ्या बाजूवरून धावत गेली.

डायल यांनी २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. या चालीला त्यांनी नाव दिलं 'विंग-असिस्टेड इन्क्लाइन रनिंग'. साध्या भाषेत, पंखांच्या मदतीने चढ धावणं. पहिल्या काही दिवसांत पिल्लं नुसत्या पायांच्या जोरावर मध्यम उतार चढतात. चार-पाच दिवसांची झाली की पंख हलवायला लागतात, आणि सुमारे ५० अंशांचा चढ जमतो. तीनेक आठवड्यांत ती सरळ उभा पृष्ठभाग चढतात. पूर्ण वाढलेला चकोर तर १०५ अंशांपर्यंत गेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला झुकलेली भिंत!

आता इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खरी करामत त्यातच आहे. आपल्याला वाटेल, पंख त्याला वर उचलत असतील. पण त्या पिल्लांचे पंख अर्धवट वाढलेले, त्यांच्याने उड्डाण होत नाही. मग त्यांचा उपयोग काय? मोजमापात दिसलं की चढताना पक्षी पंख मारण्याची दिशा बदलतो. बराचसा जोर शरीराला भिंतीकडे दाबण्यात जातो. त्यामुळे पाय भिंतीवर घट्ट बसतात आणि घसरत नाहीत. रेसिंग कारच्या मागच्या बाजूला एक आडवा पंखा असतो, तो गाडी उडू नये, उलट रस्त्याला चिकटून राहावी म्हणून असतो. चकोराचे पंख भिंतीवर तेच काम करतात. काही पिल्लांची पिसं कापून आखूड केली तेव्हा त्यांची चढण्याची क्षमता घटली. पृष्ठभाग गुळगुळीत केला तेव्हा पंख असूनही भागलं नाही, कारण पायांना पकडच मिळेना. म्हणजे पाय आणि पंख, दोघांची जोडी लागते.

याचं महत्त्व काय? पक्षी डायनासोरांपासून आले हे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण उड्डाण सुरू कसं झालं यावर शंभरहून जास्त वर्षं दोन तट होते. एक म्हणे, झाडावर चढणारे प्राणी खाली उड्या मारता मारता तरंगायला आणि मग उडायला शिकले. दुसरा म्हणे, जमिनीवर धावणारे प्राणी उड्या मारता मारता उडाले. दोन्हींपुढे एक अडचण उभी होती. अर्धवट पंखाचा उपयोग काय? पूर्ण पंख झाल्यावर उडता येतं हे ठीक, पण उत्क्रांतीत तो एका रात्रीत पूर्ण होत नाही. मधल्या लाखो वर्षांत त्या अर्ध्या पंखाने काय कमावलं?

चकोराच्या पिल्लांनी डोळ्यांसमोर दाखवलं की अर्धा पंखही जीव वाचवू शकतो. मागे शिकारी आहे, समोर उभा कडा किंवा झाडाचं खोड आहे, आणि तोकड्या पंखांच्या फडफडीने तुम्ही वर पोचता. जितकी पिसं जास्त, तितका चढ जास्त. प्रत्येक पायरीला फायदा. २००८ मध्ये डायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये पुढचा भाग मांडला की चढताना, खाली उतरताना आणि सरळ उडताना पंख मारण्याची मूळ पद्धत जवळपास एकच असते.

यावर सगळ्यांचं एकमत झालं का? अजिबात नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की चकोर हा आधुनिक पक्षी आहे. त्याचे खांदे आणि छातीचे स्नायू उडण्यासाठीच घडलेले आहेत. आर्किऑप्टेरिक्ससारख्या सुरुवातीच्या पिसाळ प्राण्यांना खांद्याच्या रचनेमुळे पंख पाठीच्या वर उचलताच येत नसावेत, मग ते असे चढणार कसे? हा आक्षेप वजनदार आहे आणि वाद मिटलेला नाही. पण 'अर्ध्या पंखाचा काहीच उपयोग नाही' हे वाक्य मात्र त्या दिवसापासून कुणाला सहज म्हणता येत नाही.

इराणी म्हणी, कुर्दी दुखणं

फारसीत चकोराला 'कबक' म्हणतात आणि तिथे तो ओळखला जातो त्याच्या डौलदार चालीसाठी. कावळा कबकाची चाल शिकायला गेला आणि स्वतःचीही विसरला, ही तिथली प्रसिद्ध गोष्ट. हिंदीत हाच कावळा हंसाची चाल शिकायला जातो. संकट दिसत असून न पाहिल्यासारखं करणाऱ्याला इराणी माणूस म्हणतो, हा कबकासारखा बर्फात डोकं खुपसून बसलाय. आपण यासाठी शहामृगाला वाळूत डोकं घालायला लावतो. दोघांपैकी प्रत्यक्षात कुणीच असं करत नाही.

कुर्दांमध्ये तो 'केव', आणि तिथे त्याची एक कडवट ओळख आहे. पाळलेला केव पिंजऱ्यात घालून डोंगरावर ठेवायचा. तो ओरडला की त्या भागातले रानटी केव आपल्या हद्दीत कोण आला हे पाहायला चालून येतात आणि फाशात सापडतात. म्हणून आपल्याच माणसांचा घात करणाऱ्याला तिथे केवची उपमा देतात. पक्ष्यावर हा अन्यायच, कारण पिंजरा त्याने मागितलेला नसतो.

अफगाणिस्तानात त्याच्या झुंजी लावतात. काबूलच्या का फरोशी या जुन्या पक्षीबाजारात घुमटाच्या आकाराच्या विणलेल्या पिंजऱ्यांमध्ये हे 'कौक' टांगलेले दिसतात. पाकिस्तानातही तो पाळायची आणि झुंजवायची जुनी हौस आहे.

कराचीहून इलिनॉयला

१८९३ मध्ये कराचीहून चकोराच्या पाच जोड्या अमेरिकेत इलिनॉय राज्यात गेल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे कागदोपत्री हे पक्षी मुंबई इलाख्यातून निघाले म्हणायला हरकत नाही. त्यांचं तिथे बस्तान बसलं नाही. नंतर, मुख्यतः १९३० नंतरच्या दशकांत, शिकारीसाठी पक्षी हवा म्हणून अनेक राज्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले चकोर लाखोंच्या संख्येने सोडले. पूर्वेकडच्या दमट, हिरव्या राज्यांत ते टिकले नाहीत. पश्चिमेकडे नेवाडा, युटा, आयडाहो, ओरेगन इथल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांत मात्र असे रुळले की जणू गावीच परतले. नेवाडात १९४७ मध्ये त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम उघडला.

ते तिथे टिकले यामागे आणखी एक परदेशी पाहुणा आहे. 'चीटग्रास' नावाचं गवत युरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकात चुकून अमेरिकेत पोचलं आणि कुरणंच्या कुरणं गिळत गेलं. लवकर वाळणारं हे गवत वणवे भडकवतं, म्हणून तिथले पशुपालक आणि वनखातं त्याच्या नावाने बोटं मोडतात. चकोर मात्र त्याची पानं आणि बिया आवडीने खातो. जुन्या जगातला पक्षी, जुन्या जगातलं गवत, दोघांची गाठ पुन्हा नव्या जगात पडली. पाण्यासाठी वनखात्याने डोंगरांत पन्हळींचे उतार बांधले, ज्यांवरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठतं आणि उन्हाळ्यात पक्ष्यांना मिळतं.

तिथल्या शिकाऱ्यांमध्ये एक गमतीचं बोलणं आहे की चकोराच्या शिकारीला माणूस पहिल्यांदा मजा म्हणून जातो आणि नंतर सूड म्हणून. चढावर पळणाऱ्या पक्ष्यामागे दिवसभर धावून बघितलं की याचा अर्थ कळतो.

हवाईत त्याने अनपेक्षित काम केलं. तिथले मूळचे बरेच पक्षी नाहीसे झाल्यावर त्यांच्यावर बीजप्रसारासाठी अवलंबून असलेली स्थानिक झुडपं अडचणीत आली होती. हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारांवर अशा झुडपांची फळं बाहेरून आणलेले चकोर आणि फेझंट खातात आणि बिया पसरवतात, असं अभ्यासात दिसलं. उपरा पक्षी नेहमी नुकसानच करतो, या सोप्या समजुतीला हा अपवाद.

युरोपात चित्र उलटं आहे. तिथे चकोराचे सख्खे भाऊबंद राहतात: लाल पायांचा तित्तर आणि रॉक पार्ट्रिज. यांतला रॉक पार्ट्रिज आणि चकोर इतके सारखे की विसाव्या शतकातही बरीच वर्षं दोघांना एकच प्रजाती मानलं जात होतं, आणि जुन्या पुस्तकांत आपला चकोर 'ग्रीक तित्तर' म्हणून भेटतो. शिकारीसाठी फार्मवर वाढवलेले चकोर आणि त्यांचे संकर तिथे सोडले गेले, ते स्थानिक पक्ष्यांशी जोड्या जमवत राहिले, आणि आज भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या कित्येक थव्यांच्या डीएनएमध्ये चकोराची भेसळ सापडते. बाहेरून पक्षी तसाच दिसतो, आतून बदललेला असतो. एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. ब्रिटनने १९९२ पासून चकोर आणि त्याचे संकर मोकळे सोडण्यावर बंदी घातली.

भारतात काय स्थिती आहे?

जागतिक पातळीवर चकोर धोक्यात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो 'किमान चिंता' या गटात आहे. पण कुठल्यातरी खोऱ्यात फासे लावून त्याचा फडशा पाडला गेला तर तिथला थवा संपतो, जागतिक यादी त्याला वाचवायला येत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली चकोर पकडणं, मारणं, पाळणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. 'चकोर पेअर फॉर सेल' असे व्हिडिओ समाजमाध्यमांवर दिसतात, त्यांतले बरेच शेजारच्या देशांतले असतात. तिथे चालतं म्हणून इथे चालत नाही.

हाच नियम आपल्या माळरानावरच्या तित्तरालाही लागू आहे. पुणे, नगर, सोलापूरच्या माळांवर पहाटे 'पतीला-पतीला' असा कोलाहल करणारा राखी तित्तर हा चकोराचा आपल्याकडचा चुलतभाऊ समजा. सह्याद्रीच्या रानात चकोत्री आहे, गवतात लावे आहेत. यांतलं काहीही ढाब्यावर 'खास रानातलं' म्हणून ताटात आलं तर ते बेकायदा आहे. फार्मवर वाढवलेला जपानी लावा, ज्याला बाजारात बटेर म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

राखी तित्तराला संस्कृतात कपिंजल म्हणतात, आणि तित्तिरि या शब्दावरूनच यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचं नाव आलं आहे. याज्ञवल्क्याने गुरूची परत केलेली विद्या तित्तरांनी टिपली, अशी तिची कथा. तित्तराला वेदशाखेत जागा मिळाली आणि त्याच्या डोंगरातल्या भावाला काव्यात.

चकोर प्रत्यक्ष पाहायचा असेल तर?

लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची बहुतेक पहिली सकाळ लेहच्या हॉटेलात डोकं धरून जाते, कारण उंचीची सवय होईपर्यंत विश्रांती घ्यावी लागते. त्या सक्तीच्या सुट्टीत पहाटे खिडकी उघडी ठेवली तरी चालेल. गावाच्या कडेच्या दगडी उतारांवर, शेताच्या बांधांवर आणि गोंपांच्या पायथ्याशी चकोर दिसू शकतो. हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या शोधायला जाणाऱ्यांना बिबट्या दिसेल न दिसेल, चकोर भेटण्याची शक्यता बरीच जास्त. त्याच भागात हिमालयन स्नोकॉक नावाचा मोठा भाऊबंद राहतो. तो कोंबड्यापेक्षा मोठा आणि राखाडी असतो, त्याला चकोर समजू नका.

आधी कान लावा. दगडांच्या रंगात तो असा मिसळतो की दहा पावलांवर असूनही दिसत नाही, 'चुकार-चुकार' ऐकू आलं की मग त्या दिशेला लाल चोच शोधायची. खालून चढत जवळ जायचा प्रयत्न केलात तर तो वर पळेल आणि तुमचा श्वास आधी संपेल. त्यापेक्षा वरच्या वाटेवर शांत बसून राहा. थवा चरत चरत स्वतःच जवळ येतो. एखादा पक्षी उंच दगडावर उभा राहून पहारा देत असतो, त्याचा फोटो सगळ्यात चांगला येतो.

जून-जुलैत गेलात तर मागे पिल्लांची रांगही दिसेल. एखादं पिल्लू मागे राहिलं आणि समोर मोठा दगड आला, तर ते काय करतं तेवढं नीट बघा.